परळच्या अर्जातील पाचवी मागणी

कारखान्यात राबणाऱ्या माणसाच्या जिवाची आणि आरोग्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर असते, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती केव्हातरी जन्माला आली असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हिंदुस्थानात तिच्या दोन जन्मतारखा सांगता येतात. १ जुलै १८८१ रोजी पहिला कारखाना कायदा अमलात आला आणि धोकादायक यंत्राभोवती कठडा घालणे मालकावर बंधनकारक झाले. १ जुलै १९२४ रोजी कामगार नुकसानभरपाईचा कायदा अमलात आला आणि त्याच यंत्रात सापडून जायबंदी झालेल्या माणसाचे पुढे काय, याचे उत्तर देणे मालकाला भाग पडले. यंत्राकडे कायद्याचे लक्ष आधी गेले आणि माणसाकडे ते वळायला ४३ वर्षे लागली. हा विलंब कल्पनेच्या अभावी झाला असे म्हणता येत नाही, कारण मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ सालीच ही दुसरी गोष्ट स्पष्ट शब्दांत आणि लेखी मागितली होती.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या साडेतीन दशकांत मुंबईत सुमारे ७० गिरण्या उभ्या राहून त्यांत जवळपास ५९,००० माणसे काम करू लागली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या ज्या शेतकरी कुटुंबांनी या गिरण्या भरल्या, त्यांना नांगर, मोट, विळा ही अवजारे ठाऊक होती. अवजार स्वतःच्या गतीने चालते आणि माणसाने त्या गतीशी जुळवून घ्यायचे असते, हा अनुभव त्यांना नवा होता. गिरणीत वाफेच्या एका इंजिनातून सगळी शक्ती येई, छताखालून गेलेल्या लांब लोखंडी दांड्यांना ती फिरवी, आणि त्या दांड्यांवरून खाली उतरणारे चामडी पट्टे एकेका यंत्राला गती देत. एखाद्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर अडकला, तर तेवढ्यासाठी इंजिन थांबत नसे. साच्यांवर, म्हणजे मागांवर, धोटा निसटून उडाला तर डोळा जाण्याची भीती असे, आणि कापूस मोकळा करण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत तंतूंची बारीक धूळ दिवसभर हवेत तरंगत राही. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून खिडक्या बंद ठेवून आत दमटपणा राखण्याकडे व्यवस्थापनाचा कल असे. सुताला मानवणारी ती हवा माणसाच्या छातीला मानवणारी नव्हती.

कामाचे तास सूर्य ठरवी. विजेचे दिवे अद्याप आले नव्हते, त्यामुळे उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले आणि मध्ये जेमतेम अर्ध्या तासाची सुट्टी मिळे. उन्हाळ्यात दिवस मोठा होई तसे कामही लांबे. आठवड्याच्या सुट्टीचा ठरलेला नियम नव्हता. थकवा आणि अपघात यांचा संबंध सांगायला तज्ज्ञाची गरज नसते, आणि म्हणूनच कामगारांच्या पुढच्या सर्व मागण्यांत विसावा आणि सुरक्षितता या गोष्टी एकमेकींना चिकटून आल्या.

अशा गिरणीत हात गमावलेल्या माणसाला कायदा काय देत होता? १८५५ चा एक कायदा दुसऱ्याच्या चुकीमुळे झालेल्या मृत्यूबद्दल वारसांना दाव्याचा हक्क देत असे. पण चूक कोणाची हे दावा करणाऱ्याने सिद्ध करायचे होते, आणि ज्या इंग्रजी न्यायतत्त्वांच्या छायेत इथली न्यायालये चालत, ती कामगाराला फारशी अनुकूल नव्हती. १८३७ मध्ये इंग्लंडात प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यात एका खाटकाकडे कामाला असलेल्या माणसाने, जास्त लादलेली गाडी मोडून मांडीचे हाड मोडले म्हणून, धन्याकडे भरपाई मागितली होती. ज्यूरीने ती दिली आणि वरिष्ठ न्यायाधीशांनी नाकारली. या निकालातून पुढे ‘समान नोकरी’चा सिद्धान्त वाढला. त्याचा अर्थ असा की सोबत्याच्या चुकीने इजा होण्याचा धोका नोकराने नोकरी धरतानाच पत्करलेला असतो, म्हणून त्या इजेबद्दल मालकाला जबाबदार धरता येत नाही. नोकराचा स्वतःचा हलगर्जीपणा आणि त्याने जाणूनबुजून पत्करलेला धोका हे मालकाचे आणखी दोन बचाव होते. शेकडो माणसे एका इंजिनाला जुंपलेल्या गिरणीत जवळजवळ प्रत्येक अपघात या तिन्हींपैकी एका खणात बसवता येई. मुळात परळच्या चाळीतून हायकोर्टापर्यंत जाण्याइतके पैसे आणि बळ जखमी बिगाऱ्याकडे कोठून येणार, हा प्रश्न त्याहून आधीचा होता.

कायद्याची हालचाल सुरू झाली ती मात्र कामगारांच्या दुःखातून नव्हे. मुंबई सरकारच्या कापूस खात्याचे प्रमुख मेजर मूर यांच्या १८७२-७३ च्या अहवालात गिरण्यांतील लांबलचक तास आणि मुलांचे काम यांची हकिकत आली, ती लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या हाती पडली, आणि १८७५ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा विषय ब्रिटिश उमरावांच्या सभेत मांडला. शाफ्ट्सबरी यांनी इंग्लंडातील कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी आयुष्य वेचले होते, त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; परंतु त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना मुंबईचे स्वस्त सूत खुपत होते, आणि विलायती कापडावरील आयातकर रद्द व्हावा म्हणून तेच व्यापारी त्याच वर्षांत धडपडत होते. मुंबई सरकारने १८७५ मध्ये कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे सूर्योदय ते सूर्यास्त चालणाऱ्या कामाची साक्ष आली, कोवळ्या मुलांची साक्ष आली, तरी बहुसंख्य सदस्यांनी कायद्याची गरज नाही असा अभिप्राय दिला. मुंबईचे गिरणीमालक याच वर्षी आपल्या संघटनेत एकत्र आले.

देशी वृत्तपत्रांनी या सगळ्याकडे लँकेशायरचा डाव म्हणून पाहिले, आणि डाव होता हे खरेच आहे. परंतु शत्रूने बोट दाखवले म्हणून जखम खोटी ठरत नाही, आणि नव्या देशी उद्योगाच्या रक्षणासाठी मुलांच्या श्रमाकडे डोळेझाक करणाऱ्या त्या काळच्या सुशिक्षित राष्ट्रवादी मताची ही चूक इतिहासाने सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. त्या मताच्या प्रवाहाविरुद्ध उभा राहिलेला एक मुंबईकर म्हणजे सोराबजी शापूरजी बंगाली. स्वतः व्यापारी वर्तुळात वावरणाऱ्या या पारशी सुधारकाने १८७८ मध्ये मुलांच्या आणि स्त्रियांच्या कामाला मर्यादा घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा तयार केला. तो मुंबईच्या विधिमंडळात मांडण्याची परवानगी सरकारने दिली नाही. तथापि त्यामुळे कायद्याचा विषय लँकेशायरचा एकट्याचा राहिला नाही, हे त्याचे महत्त्व आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१ चा १५ वा कायदा झाला तो अशा ओढाताणीतून, आणि तो अंगाने अगदी लहान होता. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, १०० किंवा अधिक माणसे कामाला लावणाऱ्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरताच तो होता. नीळ, चहा आणि कॉफी यांचे मळे त्यातून वगळले होते. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तास, मध्ये एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या एवढी मर्यादा घातली. प्रौढ पुरुषाबद्दल आणि स्त्रीबद्दल तासांच्या बाबतीत त्यात एक अक्षरही नव्हते.

सुरक्षिततेच्या कलमांत मात्र या लहान कायद्याने एक मोठी गोष्ट केली. इंजिनाला जोडलेले गतिचक्र, माल वर चढवण्याची यारी आणि निरीक्षक धोकादायक ठरवील तो यंत्राचा प्रत्येक भाग मजबूत कठड्याने झाकलेला असलाच पाहिजे, चालू यंत्र साफ करण्यास मुलांना लावता कामा नये, आणि मृत्यू घडवणारा किंवा ४८ तासांत माणसाला कामावर परतू न देणारा अपघात झाला तर तो अधिकाऱ्यांना कळवलाच पाहिजे, असे तो सांगत होता. ही कर्तव्ये ज्याच्यावर टाकली त्याला कायद्याच्या मराठीत पुढे ‘भोगवटादार’ म्हणू लागले. कारखान्याचा कारभार ज्याच्या अंतिम ताब्यात आहे, तो भोगवटादार. मग त्याच्या नावावर जमीन असो वा नसो. मुकादमाने किंवा जॉबरने, म्हणजे माणसे भरती करून त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मधल्या माणसाने, हुकूम दिला होता अशी सबब सांगून वरच्याला हात झटकता येऊ नयेत, ही या कल्पनेतली खरी ताकद होती. इजा होण्यापूर्वीच, कोणी दावा लावण्याची वाट न पाहता, मालकाकडे एक काम राज्याने सोपवले. तोपर्यंत मालक आणि नोकर यांचा संबंध हा दोघांमधला करार मानला जात होता. आता त्या कराराच्या जागेत निरीक्षकाच्या रूपाने तिसरा माणूस आला.

तो तिसरा माणूस प्रत्यक्षात दुबळा होता. निरीक्षणाचे काम बहुतेक ठिकाणी कलेक्टरच्या मूळ कामाला जोडलेले होते आणि त्याला यंत्रांची माहिती असेलच असे नव्हते. मुलांच्या जन्माची नोंद क्वचितच असे, त्यामुळे वय ठरवणाऱ्या डॉक्टरला अंदाजावरच भिस्त ठेवावी लागे. १८८२ मध्ये इंग्लंडातील कारखाना निरीक्षक मीड-किंग काही महिन्यांसाठी मुंबईला आले आणि कायदा अपुरा असल्याचे त्यांनी सांगितले. कायद्याच्या बाहेर राहिलेल्या जागांची स्थिती तर फार वाईट होती. खानदेशात कापसातून सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने हंगामात काही महिनेच चालत, आणि या अल्पकाळाच्या सवलतीने ते कायद्यातून निसटत. तेथे बायका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत, आणि कापसाची आवक मोठी असेल तेव्हा रात्रंदिवस, यंत्रांपुढे बसून असत, अशी साक्ष पुढे सरकारी चौकशीत झाली.

ती चौकशी १८८४ मध्ये कलेक्टर मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मुंबई कारखाना समितीने केली, आणि येथे या इतिहासात प्रथमच कामगार स्वतः बोलू लागतात. त्यांना बोलते करणारे नारायण मेघाजी लोखंडे १८४८ मध्ये ठाण्यात जन्मले, त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते, आणि मांडवी भागातील एका गिरणीत कोठाराचे काम केल्याने गिरणीची आतली बाजू त्यांनी पाहिली होती. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईत चालवीत होते. सुशिक्षितांची बहुतेक पत्रे कारखाना कायद्याला विरोध करीत असताना ‘दीनबंधु’ कामगारांच्या बाजूने लिहीत होते. लोखंड्यांचे सत्यशोधक असणे येथे गौण नाही. शेतकरी आणि कारागीर जातींतून आलेला हा माणूस देशी भांडवल आणि देशी कष्टकरी यांचे हित आपोआप एकच असते, हे गृहीत धरायला तयार नव्हता.

२३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला कामगारांची सभा भरली, तीन दिवसांनी पुन्हा भरली, आणि तेथे ठरलेल्या मागण्यांचा अर्ज ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी समितीकडे गेला. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी, नोकरी जाण्याच्या भीतीत, एवढ्या संख्येने कागदावर आपली खूण उमटवणे ही त्या वर्षी सोपी गोष्ट नव्हती. अर्जात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि गिरणीत काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा व कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद करावी.

पहिल्या चार मागण्या वेळेच्या आणि पैशाच्या आहेत आणि कोणत्याही देशातील कामगारांनी त्या प्रथम केल्या असत्या. पाचवी मागणी वेगळ्या जातीची आहे. चूक कोणाची, सोबत्याची की स्वतःची, धोका आधी पत्करला होता की नाही, यातला एकही प्रश्न ती विचारत नाही. इजा गिरणीच्या कामात झाली, एवढे तिला पुरेसे आहे. इंग्लंडच्या न्यायाधीशांनी अर्धशतक घासून तयार केलेले तिन्ही बचाव परळच्या या एका वाक्यात निकामी होतात. जर्मनीत त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला होता आणि तोही दोषाचा प्रश्न बाजूला सारणाराच होता. परंतु परळच्या कामगारांना हा विचार बर्लिनहून उसना आणावा लागला असेल असे वाटत नाही. शेतावर गडी आजारी पडला, पाय मोडून पडला, तर धन्याने त्याच्याकडे पाहायचे असते, ही गावाकडची समज त्यांच्या ओळखीची होती. गिरणीमालक ती पाळत नव्हता, म्हणून ती कायद्यात लिहून हवी होती.

मुलॉक समितीने मुलांचे किमान वय वाढवण्याची आणि स्त्रियांच्या तासांना मर्यादा घालण्याची शिफारस केली, पण हिंदुस्थान सरकार काही वर्षे हलले नाही. मार्च १८९० मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, ब्रिटनने तिच्यात भाग घेतला, आणि लंडनहून येणारा दाब वाढला. त्याच सुमारास, २४ एप्रिल १८९० रोजी, मुंबईत महालक्ष्मीच्या घोडशर्यतीच्या मैदानावर सुमारे १०,००० गिरणी कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. रविवारच्या सुट्टीची मागणी करणारे निवेदन गिरणीमालकांच्या संघाला देण्यात आले आणि १० जून १८९० रोजी संघाने ती मान्य केली. आजचा सर्वांचा रविवार मुंबईच्या कामगारांना सरकारी फर्मानाने नव्हे, तर आधी या मैदानावरच्या सभेने मिळवून दिला आणि कायद्याचे कलम त्यामागून आले, हे नोंदवले पाहिजे. या सभांमागे उभ्या असलेल्या लोखंड्यांच्या संघटनेला ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ म्हणत. तिच्याकडे सभासदांची यादी, वर्गणी किंवा नियमावली नव्हती आणि आजच्या अर्थाने ती कामगार संघ नव्हती. तरी तिच्या शब्दाला वजन होते.

१८९० मध्येच डॉक्टर लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल हिंदुस्थानसाठी कारखाना आयोग नेमला गेला. सोराबजी बंगाली त्याचे सदस्य होते आणि मुंबईपुरते लोखंडे त्याला जोडलेले होते, म्हणजे जे दोघे एक दशकभर बाहेरून दार ठोठावत होते, ते आता आत बसले. त्यातून आलेला १८९१ चा कायदा १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. ५० माणसांचे कारखाने त्याच्या कक्षेत आले, मुलांचे किमान वय नऊ झाले, नऊ ते चौदा वयाच्या मुलांना दिवसाला सात तास आणि स्त्रियांना अकरा तास ही मर्यादा पडली, आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास सर्वांना मिळाला. आरोग्याच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व असे की खेळती हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छता आणि दाटी यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांना दिला. मालकाची जबाबदारी यंत्राच्या कठड्यापासून कारखान्याच्या हवेपर्यंत पोचली. परळच्या अर्जातील रविवार आणि दुपारची विश्रांती त्यात आली. पाचव्या मागणीचा त्यात मागमूस नव्हता. १८९७ च्या ९ फेब्रुवारीला प्लेगने लोखंड्यांचा बळी घेतला, तेव्हाही ती तशीच पडून होती.

त्यानंतरची वीस वर्षे वेळेच्या भांडणात गेली. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य कामाचे तास ठरवीनासा झाला. तेजीच्या दिवसांत चौदा-पंधरा तास काम चालू लागले. दोन चौकशांनंतर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली आणि आगीतून सुटकेची सोय ठेवणे मालकावर बंधनकारक केले. पहिल्या महायुद्धानंतर वॉशिंग्टनला १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषद झाली, १९२० च्या ३१ ऑक्टोबरला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, आणि १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा आणून मुलांचे किमान वय बारावर नेले.

याच लाटेवर नुकसानभरपाईचे विधेयक केंद्रीय विधानसभेत आले. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी तेव्हा कामगारांची बाजू मांडण्यासाठी तेथे नेमलेले होते; भारत सेवक समाजाचे हे सदस्य मुंबईत सोशल सर्व्हिस लीग चालवीत आणि गिरणगावच्या चाळींत त्यांचा रोजचा वावर असे. विधेयक १९२३ च्या मार्चमध्ये मंजूर झाले. कामाच्या ओघात आणि कामामुळे झालेल्या इजेबद्दल, दोष कोणाचा हे न पाहता, मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व त्याने स्वीकारले. कामगाराने नशा केली असेल, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला असेल किंवा यंत्रावरचे संरक्षण जाणूनबुजून काढले असेल, तर मात्र मालकाला सुटता येई. म्हणजे १८८१ चा तो कठडा आता मालकाच्या ढालीच्या रूपानेही कायद्यात आला. दाव्यासाठी दिवाणी न्यायालयात न जाता खास नेमलेल्या आयुक्ताकडे जाण्याची सोय झाली, आणि गरीब वादीच्या दृष्टीने ही सोय मूळ तत्त्वाइतकीच मोलाची होती.

भरपाईचे आकडे परळच्या अर्जाशेजारी ठेवून वाचले की अंतर दिसते. बरा होईपर्यंत पूर्ण पगार, असे कामगारांनी १८८४ मध्ये म्हटले होते. १९२३ च्या कायद्याने पहिले दहा दिवस काहीच न देता त्यानंतर अर्धा पगार, आणि तोही जास्तीत जास्त पाच वर्षे, देऊ केला. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, मृत्यूला ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम ठरली. कायद्याला जोडलेल्या एका परिशिष्टात शरीराची मोजदाद होती: कोपरापासून उजवा हात गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० ने कमी झाली असे धरावे, डावा गेला तर ६०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. आणखी एका परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती आणि तिच्यात अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा व फॉस्फरसची विषबाधा हे आजार होते. पिंजण खात्यातल्या कामगाराची छाती भरवणारी कापसाची धूळ त्या यादीत नव्हती.